ठाण्याच्या हवेत सावरडो स्टार्टर: पीठ-पाणी कधी आणि किती द्यावे

सावरडो ब्रेड (बाजारच्या यीस्टऐवजी स्टार्टरने, म्हणजे घरी जोपासलेल्या आंबवलेल्या पीठ-पाण्याने फुगवलेला) घरी करू पाहणाऱ्या नवख्या माणसाला बहुतेक पाककृतींत एक वाक्य हमखास भेटते: स्टार्टरला दर बारा तासांनी पीठ आणि पाणी द्यावे. हे वाक्य ज्या स्वयंपाकघरांतून आले, तिथे खोलीचे तापमान वर्षातले बरेच महिने २०-२२ अंश सेल्सिअस असते. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या ओट्यावर ठेवलेला तापमापक मे महिन्यात दुपारी ३३ अंश दाखवतो. त्या उष्णतेत समभाग पीठ-पाणी घातलेला (जुना स्टार्टर, पीठ आणि पाणी तिन्ही समान वजनाने) स्टार्टर साडेतीन तासांत फुगून भरात येतो, पुढच्या दोन तासांत खाली बसतो आणि उरलेला वेळ उपाशी राहून आंबट होत जातो. पहिल्या उन्हाळ्यात माझे ब्रेड चपटे आणि फार आंबट होत होते, तेव्हा दोष पिठाचा असेल असे समजून मी तीन वेळा पीठ बदलले. दोष वेळेचा होता आणि तो समजायला दोन महिने गेले. नवीन सुरुवात करणाऱ्यांचे ते दोन महिने वाचावेत, म्हणून हा लेख लिहीत आहे.

यातले मूळ तत्त्व मराठी घरांना ठाऊक आहे. दही लावताना उन्हाळ्यात विरजण कमी घालतात, थंडीत थोडे जास्त घालून भांडे कपड्यात गुंडाळून ठेवतात, कारण ऊब वाढली की विरजण लवकर लागते आणि सकाळपर्यंत दही आंबट होते. स्टार्टरचेही तसेच आहे. पुढे आकडे बरेच येतील, पण ते सगळे याच एका सवयीचा विस्तार आहेत, हे मनात ठेवून वाचावे.

स्टार्टरमध्ये काय असते

गव्हाच्या पिठात, विशेषतः कोंड्याच्या आसपास, नैसर्गिक यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जीवाणू असतात. पिठात पाणी मिसळले की पिठातील विकरे पिष्टापासून साखर सुटी करू लागतात आणि त्या साखरेवर हे दोन्ही सूक्ष्मजीव वाढतात. यीस्टमुळे कार्बन डायऑक्साइड वायू तयार होऊन ब्रेड फुगतो. जीवाणूंमुळे लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ल तयार होते, ज्यातून चव येते आणि नको असलेले जंतू व बुरशी दूर राहतात. पक्व स्टार्टरमध्ये जीवाणूंची संख्या यीस्टच्या साधारण शंभरपट असते. म्हणून स्टार्टरची निगा राखणे म्हणजे एका अर्थाने संख्येने थोड्या असलेल्या यीस्टला सांभाळणे होय.

अनेक जण विचारतात की परदेशातून वाळवलेला स्टार्टर मागवावा का. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रेडमधील जीवाणूचे वर्णन झाले आणि त्याला त्या शहराचे नाव मिळाले, त्यामुळे उत्तम स्टार्टर तिथलाच असा समज पसरला. पण तोच जीवाणू पुढे युरोपातल्या स्टार्टरमध्येही सापडला. गिरणीतून दळून आणलेल्या कणकेत जे असते, तेवढ्यावर उत्तम स्टार्टर होतो. आंबवलेल्या पिठाची आपल्याकडे परंपराही मोठी आहे: आंबोळी, इडली, रात्रभर आंबवलेल्या मैद्याची जिलबी, आणि गोव्यातल्या पोदेरांनी माडाची सूर घालून फुगवलेला पाव. नवीन आहे ती फक्त रोज जोपासण्याची शिस्त.

सुरुवातीला काय जमवावे

ग्रॅममध्ये वजन दाखवणारा डिजिटल काटा लागतोच, कारण वाटीने मोजलेली कणीक दर वेळी वेगळी भरते आणि मग वेळेचा कोणताही हिशेब जुळत नाही. अर्धा लिटरच्या, सरळ भिंतीच्या दोन काचेच्या बरण्या घ्याव्यात. स्टीलच्या डब्यात आत काय चालले आहे ते दिसत नाही. एक रबरबँड, एक चमचा आणि शंभर-दोनशे रुपयांचा साधा खोलीचा तापमापक एवढे पुरते. झाकण नुसते ठेवावे, पिळून घट्ट लावू नये, कारण वायूला वाट हवी. चिलटांचा त्रास असेल तर पातळ सुती कापड बांधून वर झाकण ठेवावे.

पिठाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. स्टार्टर तयार करताना न चाळलेली कणीक घ्यावी, कारण कोंड्यासोबत सूक्ष्मजीव आणि खनिजे दोन्ही येतात. लोकवन गहू पुरेसा चांगला आहे. गिरणीत दळण देताना ‘गव्हावर गहू’ दळायला सांगावे, म्हणजे आधीच्या डाळीचे किंवा ज्वारीचे पीठ त्यात मिसळत नाही. थोडे मिसळले तरी स्टार्टर बिघडत नाही, पण फुगण्याचा अंदाज चुकतो. जात्यातून निघालेले पीठ हाताला गरम लागते, ते परातीत पसरून पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावे. स्टार्टर एकदा स्थिर झाला की मी निम्मी कणीक आणि निम्मा मैदा वापरते. नुसत्या कणकेचा स्टार्टर फार वेगाने आंबतो, नुसत्या मैद्याचा पातळ होऊन फुगवटा लवकर सोडतो, आणि दोन्हींच्या मिश्रणाचा चढ-उतार बरणीच्या काचेवर स्पष्ट वाचता येतो. खपली गव्हाचे पीठ चवीला सुरेख असते, परंतु त्यातील ग्लुटेन (पिठाला ताण देणारे गव्हाचे प्रथिन) नाजूक असल्यामुळे नवख्याने त्याच्यापासून सुरुवात करू नये.

पाण्याविषयी एकच सूचना. ठाण्यात काय किंवा मोरबे धरणातून पाणी घेणाऱ्या नवी मुंबईत काय, नळाचे पाणी क्लोरीन घालून शुद्ध केलेले असते. जुना स्टार्टर ते सहन करतो, पण पहिल्या आठवड्यात पाणी उकळून निववून घ्यावे.

नवा स्टार्टर तयार करणे

पहिल्या दिवशी ३० ग्रॅम कणीक आणि ३० ग्रॅम पाणी बरणीत नीट कालवावे. कणीक पाणी बरेच शोषते, त्यामुळे हे मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट दिसेल. ते तसेच असू द्यावे. बरणीच्या कडा पुसून घ्याव्यात आणि मिश्रणाच्या पातळीवर रबरबँड लावावा. दुसऱ्या दिवशी काहीही घालू नये, फक्त स्वच्छ चमच्याने दोनदा ढवळावे.

तिसऱ्या दिवशी, आणि उन्हाळ्यात अनेकदा दुसऱ्याच दिवशी, मिश्रण अचानक दुप्पट फुगते आणि त्याला कुजकट वास येतो. नवखी माणसे इथे एकतर आनंदाने ब्रेड करायला घेतात किंवा घाबरून सगळे फेकून देतात. दोन्ही करू नये. हा फुगवटा यीस्टचा नसून सुरुवातीला भराभर वाढणाऱ्या वेगळ्या जीवाणूंचा असतो. मिश्रणातील आम्लता वाढली की ते मागे पडतात, आणि मग दोन ते चार दिवस बरणीत काहीच घडत नाही असे वाटते. प्रत्यक्षात याच काळात आम्लता सहन करणारे जीवाणू जम बसवत असतात आणि त्यांच्यामागून यीस्ट जागे होते. हा शांत काळ कमी करायचा असेल तर पहिल्या दोन वेळी पाण्याऐवजी साखर न घातलेला अननसाचा रस वापरता येतो. त्याच्या आंबटपणामुळे नको असलेले जीवाणू फार वाढत नाहीत.

तिसऱ्या दिवसापासून रोज एकदा, ठरावीक वेळी, बरणीतील ३० ग्रॅम मिश्रण ठेवून बाकीचे काढून टाकावे आणि त्यात ३० ग्रॅम कणीक व ३० ग्रॅम पाणी घालावे. शांत काळात दिवसातून दोन-तीनदा पीठ-पाणी देण्याचा मोह आवरावा. प्रत्येक वेळी नवे पीठ घालताना आपण आम्लता आणि सूक्ष्मजीव दोन्ही विरळ करत असतो, आणि अजून न वाढलेल्या यीस्टला त्यामुळे आणखी उशीर होतो. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास बारीक बुडबुडे दिसू लागतात, वास दह्याच्या निवळीकडे आणि पिकलेल्या फळाकडे झुकतो, आणि मिश्रण पुन्हा चढू लागते. ते बारा तासांच्या आत दुप्पट होऊ लागले की दिवसातून दोनदा पीठ-पाणी सुरू करावे आणि निम्मी कणीक काढून तिच्याजागी मैदा घ्यावा.

सलग तीन दिवस, समभाग पीठ-पाणी दिल्यावर चार-पाच तासांत दुप्पट किंवा जास्त फुगत असेल, तर स्टार्टर ब्रेडला योग्य झाला असे समजावे. आमच्याकडे मार्च ते जूनमध्ये हे साधारण आठ-दहा दिवसांत होते, जानेवारीत दोन आठवडे लागतात. चमचाभर स्टार्टर पाण्यात तरंगतो का, ही चाचणी अनेक ठिकाणी सांगितली जाते, परंतु मी तिच्यावर विसंबत नाही. कणीक जास्त असलेला चांगला स्टार्टर बुडू शकतो आणि उतरणीला लागलेला स्टार्टर काही वेळ तरंगू शकतो.

एका बाबतीत कोणतीही तडजोड करू नये. गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली, किंवा पृष्ठभागावर केसाळ बुरशी आली, तर सगळा स्टार्टर टाकून द्यावा आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवावी. वरचा थर काढून खालचा वापरणे सुरक्षित नाही. वर साचलेले करडे पाणी मात्र भुकेचे लक्षण आहे. ते ओतून टाकून पुढचे पीठ-पाणी द्यावे.

स्टार्टर भरात आला हे कसे ओळखावे

पीठ-पाणी दिल्यानंतर स्टार्टर चढतो, भरात येतो आणि उतरतो. चढत असताना त्याचा माथा घुमटासारखा फुगीर असतो. ऐन भरात तो माथा सपाट होतो, कडेने आणि वरून बुडबुडे दिसतात, आणि बरणी हलवल्यावर संपूर्ण मिश्रण हलक्या स्पंजासारखे थरथरते. मध्यभागी खळगा पडू लागला आणि काचेवर मागे राहिलेला लेप दिसला की उतरण सुरू झाली. ब्रेडच्या पिठात स्टार्टर घालण्याची उत्तम वेळ म्हणजे माथा सपाट होण्यापासून खळगा दिसेपर्यंतची. थंड हवेत ही वेळ दोन-तीन तास टिकते, मे महिन्यात ती अर्ध्या-पाऊण तासात निघून जाते, आणि म्हणूनच आपल्या भागात वेळेचे गणित जास्त महत्त्वाचे ठरते.

वासही शिकून घ्यावा. नुकतेच पीठ-पाणी दिलेल्या स्टार्टरला ओल्या कणकेचा वास येतो, भरातल्या स्टार्टरला ताज्या दह्याचा आणि किंचित फळासारखा गोडसर वास येतो, उतरलेल्याला व्हिनेगरचा, आणि फार उपाशी राहिलेल्याला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा. हा शेवटचा वास आला म्हणून स्टार्टर मेलेला नसतो. पण पुढच्या वेळी जुना स्टार्टर कमी आणि पीठ जास्त घ्यायचे आहे, हे तो वास सांगतो.

प्रमाणाने वेळ कशी हातात ठेवावी

पीठ-पाणी देण्याचे प्रमाण तीन आकड्यांत सांगतात: आधी जुना स्टार्टर, मग पीठ, मग पाणी, सर्व वजनाने. एकास एक एक म्हणजे २० ग्रॅम स्टार्टर, २० ग्रॅम पीठ, २० ग्रॅम पाणी. एकास पाच पाच म्हणजे १० ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी. जुना स्टार्टर जितका कमी, तितका भर उशिरा.

पीठ पाचपट केले तर वेळही पाचपट होईल, असे सुरुवातीला वाटते. तसे होत नाही, कारण सूक्ष्मजीव दुपटीने वाढतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ अशी वाढ असल्यामुळे जुना स्टार्टर निम्म्याने विरळ केला तर फक्त एक दुपटीचा काळ जास्त लागतो, आणि ३० अंशांच्या आसपास यीस्टला एका दुपटीसाठी साधारण सव्वा तास पुरतो. समभाग प्रमाणात जुना स्टार्टर एकूण मिश्रणाचा तिसरा हिस्सा असतो, तर एकास दहा दहा प्रमाणात एकविसावा हिस्सा. म्हणजे तो सातपट विरळ झाला, आणि सातपट वाढायला तीनपेक्षा थोड्या कमी दुपटी लागतात. त्यामुळे पीठ दहापट देऊनही वेळ सुमारे साडेतीन-चार तासांनीच वाढते. हा हिशेब एकदा समजला की पाककृतीतले तास पाठ करावे लागत नाहीत.

माझ्या वहीत, निम्मी कणीक व निम्मा मैदा, पिठाइतकेच पाणी आणि ३१ ते ३२ अंश तापमान असताना भरात येण्याच्या नोंदी अशा आहेत: एकास एक एकला सुमारे साडेतीन तास, एकास दोन दोनला साडेचार, एकास पाच पाचला सहा, आणि एकास दहा दहाला साडेसात ते आठ तास. पावसाळ्यात, २८ अंशांच्या आसपास, प्रत्येकात एक-दीड तास मिळवावा. जानेवारीत येऊरच्या डोंगराकडून गार वारा येतो आणि स्वयंपाकघर २३-२४ अंशांवर उतरते. तेव्हा समभाग प्रमाणाला साडेपाच-सहा तास आणि एकास दहा दहाला अकरा-बारा तास लागतात. नेरूळला खाडीच्या वाऱ्यावर असलेल्या घरात किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या पश्चिमेचे ऊन खाणाऱ्या वरच्या मजल्यावर हे आकडे वेगळे येतील. म्हणून पहिले दोन आठवडे तापमान, प्रमाण, पीठ-पाणी दिल्याची वेळ आणि भर आल्याची वेळ या चार गोष्टी रोज लिहून ठेवाव्यात. कोणत्याही पाककृतीपेक्षा ती वही जास्त उपयोगी पडते.

रोज ओट्यावर स्टार्टर ठेवणाऱ्याने उन्हाळ्यात समभाग प्रमाण वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी आठला आणि रात्री आठला एकास दहा दहा या प्रमाणात पीठ-पाणी द्यावे. ५ ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी पुरे होते. तरीही तो बारा तासांत भर ओलांडेल, पण फार उपाशी राहणार नाही. वारंवार उपाशी राहिलेल्या स्टार्टरमध्ये आम्ल साचते, यीस्ट मंदावते आणि असा स्टार्टर पिठातील ग्लुटेनही कमकुवत करतो. चपट्या, चिकट आणि फार आंबट ब्रेडमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. शिवाय ३२ अंशांच्या पुढे यीस्टपेक्षा जीवाणूंना जास्त अनुकूल परिस्थिती मिळते, म्हणजे उन्हाळ्यातील घाई दोन्ही बाजूंनी आंबटपणाच वाढवते.

याहून जास्त वेळ हवा असेल तर स्टार्टर घट्ट करावा. १० ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ आणि फक्त २५ ते ३० ग्रॅम पाणी घेऊन पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट गोळा मळावा, वर सुरीने फुलीची चीर द्यावी आणि बरणीत ठेवावा. पाणी कमी असल्यामुळे आंबण्याची गती मंदावते, चीर उमलून गोळा गोलसर फुगला की तो भरात आला असे समजावे. एप्रिल-मेमध्ये मी पूर्णपणे घट्ट स्टार्टरवर जाते आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा सैल स्टार्टरकडे येते. पाणी थंड घेतल्यानेही तास-दीड तास मिळतो. ओले कापड गुंडाळून बरणी गार ठेवण्याचा उपाय कोरड्या हवेच्या गावांत चालतो. आपल्या दमट हवेत तो फारसा उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा थर्माकोलच्या खोक्यात गोठवलेल्या पाण्याची छोटी बाटली आणि तिच्यापासून चार बोटे अंतरावर बरणी ठेवली, तर आतले तापमान दुपारभर २५ अंशांच्या आसपास राहते. थंडीत याच खोक्यात कोमट पाण्याची बाटली ठेवावी.

ब्रेडच्या दिवसाचे वेळापत्रक

वेळापत्रक नेहमी शेवटाकडून मागे मोजत यावे. समजा, कामावर जाणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी ब्रेड भाजायचा आहे आणि महिना मे आहे. शुक्रवारी रात्री दहा वाजता ५ ग्रॅम भरातला स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम गार पाणी मिसळून ठेवावे. शनिवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास ते भरात येईल. त्यातले ८० ग्रॅम ब्रेडला वापरावे आणि उरलेल्यातून पुढचा स्टार्टर चालू ठेवावा.

३०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, २६० ग्रॅम पाणी, ८० ग्रॅम स्टार्टर आणि ८ ग्रॅम मीठ हे नवख्यासाठी झेपणारे प्रमाण आहे. मैद्याच्या पाकिटावर प्रथिने शंभर ग्रॅमला १० ग्रॅम किंवा अधिक लिहिलेली असतील तर चांगले. पाण्याचे तापमान इथे निर्णायक ठरते. पीठ ३२ अंशांचे असताना फ्रिजमधले आणि साधे पाणी निम्मे-निम्मे घेतले, तर ते १८ अंशांच्या आसपास येते आणि मळलेले पीठ साधारण २५ अंशांवर सुरू होते. तेवढ्याने आंबण्याचा वेग आपल्या हातात राहतो. पहिल्या दीड तासात अर्ध्या-अर्ध्या तासाने ओल्या हाताने पीठ ओढून तीनदा घडी घालावी आणि नंतर ते झाकून ठेवावे.

मे महिन्यात हे पीठ साडेतीन ते चार तासांत पुरेसे आंबते, पावसाळ्यात पाच तास आणि जानेवारीत सात-आठ तास घेते. ते दुप्पट होण्याची वाट पाहू नये. उष्णतेत पीठ फ्रिजमध्ये गेल्यावरही पहिले दोन तास आंबतच राहते, त्यामुळे उन्हाळ्यात मूळ आकाराच्या एक तृतीयांश वाढले की थांबावे. थंडीत निम्म्याहून थोडे अधिक वाढू द्यावे. सरळ भिंतीच्या छोट्या ग्लासात त्याच पिठाचा लिंबाएवढा तुकडा दाबून बसवून पातळीची खूण केली, तर वाढ नेमकी मोजता येते. हवी तशी वाढ दिसल्यावर आकार देऊन, पीठ भुरभुरलेल्या पंचाच्या कापडासह टोपलीत किंवा खोलगट भांड्यात ठेवून ते फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिजमध्ये ते रविवारी सकाळपर्यंत राहते, त्यामुळे शनिवारी दुपारनंतरचा वेळ मोकळा राहतो.

रविवारी सकाळी ओटीजी, आत झाकणाचे जड भांडे ठेवून, २३० अंशांवर अर्धा तास तापवावा. त्या भांड्यात ब्रेड वीस मिनिटे झाकून आणि वीस-पंचवीस मिनिटे उघडा भाजावा. कापण्याआधी दीड तास जाळीवर निवू द्यावा, कारण गरम ब्रेडचा गाभा अजून चिकट असतो. घरात कोणाला ग्लुटेनचा वैद्यकीय त्रास असेल, तर हा ब्रेड त्यांना देऊ नये. आंबवल्याने गव्हातील ग्लुटेन नाहीसे होत नाही.

शनिवारी सकाळीच बाहेर पडावे लागणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग आहे. स्टार्टर ४० ग्रॅमच घ्यावा, पाणी पूर्ण गार घ्यावे, आणि सकाळी पीठ कालवून एक घडी घालून ते सरळ फ्रिजमध्ये ठेवावे. संध्याकाळी सातला बाहेर काढून ओट्यावर ठेवले की उरलेले आंबणे डोळ्यांसमोर पूर्ण होते.

काढलेला स्टार्टर

पहिल्या आठवड्यातील काढलेले मिश्रण खाण्यात वापरू नये, कारण त्यात नको असलेले जंतू असू शकतात. स्थिर झालेल्या स्टार्टरमधून निघालेला भाग मात्र फ्रिजमध्ये डब्यात साठवून आठवडाभरात घावन, धिरडी किंवा थालीपिठाच्या पिठात घालता येतो. मी त्यात तांदळाचे पीठ, जिरे आणि हिरवी मिरची घालून धिरडी करते. तरीही मुळात कमी स्टार्टर ठेवणे हाच उत्तम उपाय आहे. रोज एकदाच २५ ग्रॅम पीठ दिले, तरी महिन्याला पाऊण किलो पीठ लागते.

फ्रिज, पावसाळा आणि गावाला जाणे

आठवड्याला एकदाच ब्रेड करणाऱ्याने स्टार्टर फ्रिजमध्येच ठेवावा. एकास पाच पाच प्रमाणात पीठ-पाणी देऊन, उन्हाळ्यात तासाभराने आणि थंडीत तीन तासांनी, म्हणजे तो नुकता चढू लागला असताना, बरणी फ्रिजच्या मागच्या बाजूला ठेवावी. पूर्ण भरात आल्यावर ठेवलेला स्टार्टर फ्रिजच्या थंडीतही लवकर भुकेला होतो. असा स्टार्टर दोन आठवडे सहज टिकतो. ब्रेडच्या आदल्या दिवशी त्यातला १० ग्रॅम घेऊन आधी समभाग आणि मग एकास दोन दोन असे दोनदा पीठ-पाणी द्यावे. दुसऱ्या वेळी तो नेहमीच्या वेळेत दुप्पट झाला, तरच रात्रीचे मिश्रण करावे. नाहीतर ब्रेड एक दिवस पुढे ढकलावा.

पावसाळ्यात बुरशीचा धोका काचेवर चिकटून वाळणाऱ्या लेपातून येतो. म्हणून त्या चार महिन्यांत दर तिसऱ्या दिवशी बरणी बदलावी, चमचा कोरडा घ्यावा आणि कणीक हवाबंद डब्यात ठेवावी, कारण दमट हवेत ती पाणी शोषते आणि मग त्याच वजनाच्या पाण्यात स्टार्टर नेहमीपेक्षा सैल होतो. तसे दिसल्यास पाणी दोन-तीन ग्रॅम कमी करावे.

गणपतीला दहा-बारा दिवस कोकणात जाणाऱ्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी घट्ट गोळा करून तो लगेच फ्रिजमध्ये ठेवावा; तो तीन आठवडेही राहतो. त्याशिवाय वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा सुरू होण्यापूर्वी, भरातल्या स्टार्टरचे दोन चमचे बटर पेपरवर अगदी पातळ पसरून पंख्याखाली सावलीत वाळवावेत. दोन दिवसांत त्याचे कुरकुरीत पापुद्रे होतात. ते चुरून कोरड्या बाटलीत भरावेत आणि वर तारीख लिहावी. स्टार्टर कधी बुरशीमुळे टाकावा लागला, तर या चुऱ्यातला ५ ग्रॅम, १० ग्रॅम कोमट पाण्यात भिजवून त्यात १० ग्रॅम कणीक घालावी आणि रोज एकदा समभाग पीठ-पाणी द्यावे. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो पुन्हा चढू लागतो.